गाडेची पहिली सिंफनी: गंडा बांधण्याआधीची

प्रश्न असा आहे: "शूमानच्या सिंफनी ऐकत होतो, त्या संपल्यावर आपोआप निल्स गाडे नावाच्या डॅनिश रचनाकाराची पहिली सिंफनी लागली. पहिल्या दोन मिनिटांतच हातातलं काम थांबलं. मग त्याच्याबद्दल वाचायला घेतलं, तर जिथे तिथे 'मेंडेल्सोनचा सौम्य अनुयायी' एवढंच. याच्या सुरुवातीच्या सिंफनी खरंच ऐकण्याजोग्या आहेत की नुसती नक्कल? एकूण आठ आहेत म्हणे, कुठून सुरू करू? मी मुळात ख्याल ऐकणारा आहे, नोटेशन वाचता येत नाही."

आधी सरळ उत्तर. पहिली सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, इथे चार भागांची रचना) नक्कल नाही, आणि हे मी आवडीनिवडीवरून नाही, तारखा बघून म्हणतो. ती १८४१-४२ मध्ये कोपनहेगनला लिहून झाली तेव्हा गाडे मेंडेल्सोनला, त्या काळच्या बड्या जर्मन रचनाकाराला, भेटलेलाही नव्हता. पुढच्या सिंफनींबद्दल मात्र तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं म्हणता येत नाही. म्हणून पहिली नीट ऐका, मग थेट पाचवीवर जा, मग मागे येऊन चौथी. दुसरी आणि तिसरी सवडीने. हा क्रम का, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

मी गेली २२ वर्षं उत्तर जर्मनीतल्या एका शहराच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या आवाजाची बहीण, वाजवतो. गाडेची पहिली दोनदा वाजवली, चौथी तीनदा, पाचवी एकदा. म्हणजे माझं बरंचसं ज्ञान व्हायोलाच्या खुर्चीवरून दिसतं तेवढं. ऑर्केस्ट्रात सगळ्यात जास्त विनोद आमच्यावर होतात. बहुतेक सिंफनींमध्ये आमचं काम वरची सुरावट आणि खालचा बास यांच्यातली भेग लिंपण्याचं असतं. पण त्या खुर्चीवरून एक गोष्ट फार स्पष्ट ऐकू येते: रचनाकाराने मधल्या आवाजांत जीव ओतलाय की नुसतं सारवलंय.

नावाचं आधी बघू. निल्स विल्हेल्म गाडे. मराठी माणसाला राहुरीकडचा पाहुणा वाटावा असं आडनाव. जर्मन लोक 'गाडे'च म्हणतात. डॅनिश लोक 'गॅद'च्या आसपास काहीतरी म्हणतात, आणि त्यातला द जिभेवर विरघळून जातो. या नावाची खरी गंमत जर्मन रचनाकार शूमानने पकडली. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए, ई. गाडेच्या नावातली अक्षरं जी, ए, डी, ई. क्रम थोडा इकडेतिकडे, पण अक्षरं तीच चार. शूमानने १८४४ च्या सुमारास आपल्या नियतकालिकात गाडेवर लेख लिहिला, त्यात या योगायोगाचं कौतुक आहे. पुढे १८४८ मध्ये लहान मुलांसाठी पियानोच्या तुकड्यांचा संग्रह केला, त्यात 'नॉर्डिक गीत' नावाचा एक तुकडा आहे आणि तो याच चार स्वरांनी सुरू होतो. शूमानला असल्या अक्षरांच्या खेळांचा नादच होता. पण इथे नुसता खेळ नव्हता, कारण गाडे मुळातच व्हायोलिनवाला.

जन्म कोपनहेगनचा, २२ फेब्रुवारी १८१७. वडील सुतारकाम करत आणि त्यातूनच वाद्यं बनवायला लागले. घरात लाकडाचा भुसा आणि गिटारी, व्हायोलिनं. पोरगा १८३४ मध्ये राजाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला लागला. माझ्या मते त्याच्या शिक्षणातली निर्णायक गोष्ट म्हणजे त्याला रचनेचे धडे देणारा माणूस. आंद्रेआस बेर्ग्ग्रीन हा लोकगीतं जमा करणारा होता. आपल्याकडे कुणी ओव्या आणि पोवाडे गावोगाव फिरून उतरवून घ्यावेत, तसा. त्यामुळे ज्या वयात बाकीची मुलं हायडन-बीथोव्हनचे सांगाडे गिरवत होती, त्या वयात गाडेच्या कानावर डॅनिश 'फोल्केव्हिसे' पडत होत्या. या मध्ययुगीन कथागीतांना मी सोयीसाठी पोवाडा म्हणतो. वीररसाचा डफ त्यात नाही, पण गोष्ट आहे, एकाच चालीवर येणारी कडवी आहेत, आणि प्रत्येक कडव्यानंतर पालुपद आहे.

१८४० मध्ये कोपनहेगनच्या संगीत मंडळाने ओव्हर्चरची, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या एकाच भागाच्या छोट्या रचनेची, स्पर्धा घेतली. परीक्षकांत लुई श्पोर आणि फ्रीडरिश श्नायडर असे दोन बडे जर्मन संगीतकार होते. गाडेने 'ओसियनचे प्रतिध्वनी' नावाचं ओव्हर्चर पाठवलं (ओसियन हा स्कॉटलंडचा दंतकथेतला कवी) आणि बक्षीस मिळवलं. त्याच्या माथ्यावर त्याने जर्मन कवी उहलांडचं वाक्य लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की साचे आम्हाला बांधून ठेवू शकत नाहीत, आमच्या कलेचं नाव कविता. २३ वर्षांच्या पोराने दोन पोक्त परीक्षकांना हे लिहून पाठवावं! धाडस म्हणा किंवा आगाऊपणा. पण हे वाक्य पुढच्या सिंफनीची किल्ली आहे.

आता ती सिंफनी. सी मायनर, ओपस (रचना क्रमांक) ५. मायनर म्हणजे कोमल गंधाराची, काळसर वळणाची पट्टी; मेजर म्हणजे शुद्ध गंधाराची, उजळ. तुमचं काम जिथे थांबलं तिथूनच सुरू करू.

सुरुवातीला तंतुवाद्यांतून, खालच्या पट्टीत, हळू झुलणाऱ्या लयीत एक चाल येते. ती गाडेचीच आहे. त्याने आधी एक गाणं केलं होतं, 'शोलुंडच्या सुंदर मैदानांवर'. शब्द कवी इंगेमानचे. शोलुंड म्हणजे शेलँड, ज्या बेटावर कोपनहेगन आहे. गाणं राजा वाल्डेमारच्या दंतकथेवर आहे. राजाला गुर्रच्या रानातल्या शिकारीचं इतकं वेड, की तो म्हणाला, देवाने स्वर्ग स्वतःकडे ठेवावा, मला गुर्र पुरे. मग शिक्षा अशी, की मेल्यावरही त्याने रोज रात्री शिकार करत फिरायचं. (याच दंतकथेवर पुढे शोनबर्गने भलीमोठी रचना केली, ती गाडेच्या कितीतरी नंतरची.) गाडेची त्या काळातली रोजनिशी शिल्लक आहे. त्यात संगीताच्या आराखड्याशेजारी या कथागीतांच्या ओळी टिपलेल्या दिसतात. म्हणजे सिंफनी मनात आली तीच गोष्टीचं बोट धरून.

या सुरुवातीचा रंग इतका काळसर का लागतो, त्याचं एक अगदी साधं, लाकडी कारण आहे. व्हायोलाची आणि चेलोची सगळ्यात खालची तार 'सी'ला लावलेली असते. सिंफनी सी मायनरमध्ये, म्हणजे आमची मोकळी खर्जाची तार हाच षड्ज. तुम्ही ख्याल ऐकता, तेव्हा वेगळं सांगायला नको: तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की खोलीची हवा बदलते, तसंच इथे होतं. ती तार दाबलेल्या बोटाने नाही, मोकळी वाजते, आणि आजूबाजूची सगळी लाकडं तिच्याबरोबर घुमतात. व्हायोलिनला ही तारच नाही, त्यांची सगळ्यात खालची तार 'जी'. म्हणून सी मायनरमध्ये वजन आपोआप आमच्याकडे, मधल्या आणि खालच्या वाद्यांकडे सरकतं. सी मायनर म्हटलं की सगळे बीथोव्हनची पाचवी आणि नियतीचे ठोके काढतात. गाडेच्या सी मायनरमध्ये मला मात्र नियती दिसत नाही. संध्याकाळ दिसते, आणि कुणीतरी गोष्ट सांगायला बसलेलं.

इथे एक मोठी अडचण होती, आणि ती त्याने कशी सोडवली यासाठीच मी ही सिंफनी मानतो. सिंफनीच्या पहिल्या भागाला त्या काळी जो साचा होता त्यात दोन वेगळ्या स्वभावाच्या कल्पना लागतात. त्यांची झटापट व्हावी, तुकडे व्हावेत, त्या दुसऱ्या पट्ट्यांमध्ये भटकून याव्यात आणि शेवटी घरी परताव्यात. यासाठी कल्पना मोडता येण्याजोगी लागते. बीथोव्हनच्या पाचवीतले चार ठोके बघा, ती नुसती वीट आहे, तिच्यापासून काहीही बांधा. गाणं ही वीट नाही. गाणं म्हणजे बांधून झालेलं घर. चाल सुरू होते, वर चढते, खाली येते, संपते. तिच्यापुढे काय करणार? फार तर पुन्हा गाणार. पोवाड्यात नेमकं तेच होतं. चाल तीच राहते, कडवं बदलतं, आणि ऐकणाऱ्याला दर खेपेला तीच चाल वेगळी वाटते कारण मधल्या काळात गोष्ट पुढे गेलेली असते.

गाडेने हेच सिंफनीत आणलं. सुरुवातीची संथ चाल संपून वेगवान भाग लागतो तेव्हा कान देऊन ऐका. वेग आला, आवाज आला, पण मूळ चालीचा सांगाडा गेलेला नाही. तिची चढण, तिचं झुलणं आतून चालूच आहे. मधूनच ती पुन्हा ओळखीच्या रूपात वर येते, पण दर वेळी वेगळ्या वाद्यांत, वेगळ्या उजेडात. त्यामुळे त्या भागात झटापट कमी आणि कथन जास्त. साच्याबरहुकूम बघणाऱ्या कोणत्याही जर्मन मास्तरने इथे लाल शेरा मारला असता: दुसरी कल्पना पुरेशी वेगळी नाही, विकास कमी. शेरा बरोबर असता. पण उहलांडचं ते वाक्य आठवा. हा माणूस सांगूनसवरून निघाला होता.

शेवटच्या भागात ही चाल पुन्हा येते, मायनर सोडून मेजरमध्ये, पितळी वाद्यांच्या खांद्यावर बसून. पहिल्यांदा वाजवताना मला हे जरा स्वस्त वाटलं होतं. सिंफनीची गोष्ट अंधारातून उजेडात नेण्याची सोपी युक्ती. दुसऱ्यांदा वाजवताना मत बदललं. कारण आमच्या कंडक्टरने तालमीत आधी मूळ गाणं आम्हा सगळ्यांना गायला लावलं, डॅनिश शब्दांसकट, उच्चारांचे हाल करत. ८० जर्मन, काही जपानी-कोरियन आणि एक पुण्याचा. गाऊन झाल्यावर लक्षात आलं की शेवटी जे घडतं तो विजय नाही. सुरुवातीला एकट्याने सांगितलेली गोष्ट आता सगळा गाव म्हणतोय, एवढंच. पालुपद सगळ्यांनी म्हणायचं असतं. या कथागीतांवर लोक हात धरून साखळीत नाचत आणि पालुपदाला सगळे गळा मिळवत. शेवटचा भाग तसा वाजवला की स्वस्त वाटत नाही.

मधले दोन भाग थोडक्यात सांगतो. दुसरा स्केर्त्सो, म्हणजे वेगवान खेळकर भाग, इथे जोरकस आणि पायाने भक्कम. इथे मेंडेल्सोनची आठवण येते हे खरं, पण मेंडेल्सोनच्या स्केर्त्सोतल्या पऱ्या जमिनीला पाय लावत नाहीत, गाडेचे लोक बूट घालून नाचतात. तिसरा भाग संथ, गोड. तो मला थोडा लांबल्यासारखा वाटतो.

मग मेंडेल्सोनचं काहीच ऋण नाही का? आहे. त्याचं 'हेब्रिडीझ' ओव्हर्चर १८३२ पासून युरोपभर वाजत होतं, आणि धुकं, समुद्र, उत्तरेची उदासी हे सगळं ऑर्केस्ट्रात कसं उतरवायचं ते गाडे त्यातून शिकला नसेल असं मी म्हणणार नाही. पण लोक ज्या 'स्कॉटिश' सिंफनीशी गाडेच्या पहिलीची तुलना करतात ती पहिल्यांदा वाजली मार्च १८४२ मध्ये, लाइपझिगला. गाडेचं ओसियन ओव्हर्चर त्याआधीचं, आणि तोच आवाज, तीच कथेकऱ्याची ढब त्यात तयार होती. दोघे एकाच वाऱ्यात उभे होते असं म्हणा हवं तर. शिष्यत्वाचा गंडा अजून बांधलेला नव्हता.

आता गोष्ट पिकतं तिथे विकत नाही या वळणावर येते. ज्या कोपनहेगनच्या मंडळाने ओव्हर्चरला बक्षीस दिलं, त्याने सिंफनी वाजवायला नकार दिला. गाडेने स्कोअर (सगळ्या वाद्यांची लिहिलेली प्रत) उचलला आणि सरळ लाइपझिगला मेंडेल्सोनकडे पाठवला. लाइपझिगचा गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा म्हणजे तेव्हाचा जर्मन संगीताचा दरबार, आणि मेंडेल्सोन त्याचा प्रमुख. जानेवारी १८४३ मध्ये मेंडेल्सोनचं उत्तर आलं, अनोळखी तरुणाला कुणी लिहिणार नाही इतकं भरभरून. २ मार्च १८४३ ला त्याने स्वतः ती सिंफनी वाजवली आणि दुसऱ्याच दिवशी गाडेला कळवलं की चारही भागांनंतर टाळ्या पडल्या आणि स्केर्त्सोनंतर तर थांबेचनात. एक भाग संपला की टाळ्या वाजवायची तेव्हा पद्धत होती, आजच्यासारखं घसा खाकरून गप्प बसत नसत. ती पद्धत परत यावी असं माझं मत आहे, पण ते असो.

त्याच वर्षी सरकारी मदतीवर गाडे लाइपझिगला पोचला. पुढची पाच वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चमकदार. मेंडेल्सोन बाहेरगावी असताना गेवांडहाउसच्या मैफली गाडे सांभाळायचा. मेंडेल्सोनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढे, ऑर्केस्ट्रा सोबतीला अशी रचना) आज जगातला प्रत्येक व्हायोलिनवाला वाजवतो, तो १३ मार्च १८४५ ला पहिल्यांदा वाजला तेव्हा फर्डिनांड डाव्हिडच्या व्हायोलिनमागे कंडक्टर म्हणून गाडे उभा होता. शूमानशी त्याची गट्टी जमली. शूमानला तर त्याचा चेहरा मोझार्टसारखा वाटायचा. पुढे शूमानने पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीचं तिसरं त्रिओ त्यालाच अर्पण केलं.

शूमानच्या त्या लेखात एक वाक्य आहे, ते मला फार बोचतं. गाडेच्या उत्तरेकडच्या वेगळ्या सुराचं कौतुक करून झाल्यावर तो काळजीही व्यक्त करतो: या कलावंताने आपल्या राष्ट्रीयत्वात बुडून जाऊ नये. मोठ्या माणसाची प्रेमळ सूचना. घडलं बरोबर उलटं. गाडे डॅनिशपणात बुडाला नाही, लाइपझिगमध्ये विरघळला.

दुसरी सिंफनी (ई मेजर, १८४३) आणि तिसरी (ए मायनर, १८४७) या काळातल्या. दोन्ही सफाईदार. व्हायोलिनवाल्याच्या हातचं असल्यामुळे सगळं बोटांना छान बसतं, वाजवायला मजा येते. पण पहिलीत जी ढब होती ती इथे पातळ होत जाते. आपल्याकडे खेड्यातून आलेला हुशार मुलगा पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढतो आणि त्याचं 'व्हय' जाऊन 'हो' येतं, तसं. कुणी सांगत नाही, कुणी हसतही नाही कदाचित. पण चांगल्या घरांत उठबस झाली की बोली आपसूक सुटते आणि प्रमाण भाषा येते. ती वाईट बोलतो असं नाही. उत्तम बोलतो. पण हजार जण ती तशीच बोलतात.

४ नोव्हेंबर १८४७ ला मेंडेल्सोन गेला, अवघा ३८ वर्षांचा. गेवांडहाउसची गादी गाडेकडे आली. वयाच्या तिसाव्या वर्षी जर्मन संगीतातली एवढी मोठी जागा एका डॅनिश सुताराच्या मुलाकडे. आणि काही महिन्यांतच, १८४८ च्या वसंतात, श्लेस्विग-होल्स्टाइन या सीमेवरच्या प्रदेशावरून डेन्मार्क आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. गाडेने लाइपझिग सोडलं आणि तो कोपनहेगनला परतला, कायमचा. मी ज्या भागात राहतो तो त्या लढाईच्या पट्ट्यापासून फार लांब नाही. इथल्या गावांमध्ये आजही डॅनिश आणि जर्मन पाट्या शेजारी शेजारी दिसतात, आणि गाडे वाजवताना ते मनात येतंच.

परतल्यावर, ज्या मंडळाने सिंफनी नाकारली होती तेच मंडळ त्याने हातात घेतलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १८९० पर्यंत चालवलं. कोपनहेगनला नवं संगीत विद्यालय सुरू झालं तेव्हा त्याच्या प्रमुखांपैकी तो एक. डेन्मार्कचं संगीत जवळजवळ ४० वर्षं एका माणसाच्या मुठीत होतं, आणि तो माणूस लाइपझिगचं व्याकरण पक्कं घोटून आला होता.

चौथी (बी फ्लॅट मेजर) या परतलेल्या गाडेची. अर्ध्या तासाच्या आत संपते, सगळीकडे ऊन, कुठे खरचटत नाही. त्याच्या हयातीत लोकांना हीच फार आवडायची, आणि कार्यक्रमात दुसरं काही अवघड असलं की आमचा ऑर्केस्ट्राही हीच काढतो, म्हणूनच माझ्या खात्यावर तीनदा आहे. पहिलीनंतर लगेच ऐकू नका. उगाच तिच्यावर राग निघेल. पाचवीनंतर ऐका, तेव्हा तिचं नेमकं कसब दिसेल.

पाचवी (डी मायनर, १८५२) ही वेगळीच चीज. गाडेचं लग्न ठरलं होतं सोफी हार्टमानशी. ती डेन्मार्कच्या दुसऱ्या मोठ्या रचनाकाराची, योहान पेटर एमिल्यूस हार्टमानची मुलगी. ही सिंफनी तिला लग्नाची भेट. आणि ऑर्केस्ट्रात त्याने पियानो बसवला. कॉन्चेर्तोसारखा पुढे नाही, आत, बाकीच्या वाद्यांमधलं एक वाद्य म्हणून, पण जवळजवळ सगळा वेळ वाजणारा. विसाव्या शतकात हे पुष्कळांनी केलं, १८५२ मध्ये सिंफनीत असं फारसं कुणी करत नव्हतं. आमच्या ऑर्केस्ट्रात पियानोवाल्या बाईंनी पहिल्याच तालमीत विचारलं, "मी साथ करतेय की साथ घेतेय?" पूर्ण आठवडा गेला तरी उत्तर सापडलं नाही, आणि बहुतेक गाडेलाही ते सापडवायचं नव्हतं. पियानोचे स्वर तंतुवाद्यांच्या लांब स्वरांवर पाण्याच्या थेंबांसारखे पडतात, आणि आमच्या व्हायोलाच्या बाकावर बसलं की ते अगदी कानाशी पडतात. प्रमाण भाषेत बोलणारा माणूस घरात आल्यावर जशी थोडी सैल भाषा बोलतो, तशी ही सिंफनी. सोफी १८५५ मध्ये गेली. लग्नाला तीनच वर्षं झाली होती.

पुढच्या तीन, म्हणजे सहावी, सातवी, आठवी, तुमच्या प्रश्नात नाहीत. आठवी १८७१ ची. त्यानंतर १९ वर्षं जगूनही त्याने नववी लिहिली नाही.

तुम्ही ख्याल ऐकता म्हणून एक जोडतो. आपल्याकडे गुरूची छाप दिसणं हा दोष नाही, उलट ती दिसली नाही तर विचारतात, तालीम कुणाची? 'अनुयायी' हा शब्द युरोपातल्या संगीत-लेखनात शिवीसारखा वापरतात, त्याने दबून जाऊ नका. चौथी मेंडेल्सोनच्या घराण्याची म्हणून ऐकलीत तर बिघडत काहीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या माणसाकडे घराण्यात शिरण्याआधी स्वतःचा गळा होता. लेखक त्याच्या आठही सिंफनींना एकच चिठ्ठी चिकटवतात आणि पहिलीवर अन्याय होतो.

तो गळा पूर्ण गेला असंही नाही, सिंफनीच्या बाहेर गेला. १८५४ च्या 'एल्व्हरस्कुड' या गायन-रचनेत वनदेवतांच्या मुली लग्नाच्या आदल्या रात्री नवऱ्या मुलाला नाचायला बोलावतात, तिथे जुना कथेकरी परत दिसतो. त्याच वर्षीच्या 'एट फोल्केसाग्न' या बॅलेत त्याने एक वॉल्ट्झ लिहिला. डेन्मार्कमध्ये आजही लग्नात रात्री वधूवर त्यावर नाचतात आणि पाहुणे टाळ्या वाजवत, गोल लहान करत त्यांच्या अंगावर येतात. मग नवऱ्या मुलाचे मोजे कात्रीने कापायची पद्धत आहे, ती का ते एकाही डॅनिश मित्राला सांगता आलेलं नाही. गाडेचं नाव माहीत नसलेले डॅनिश लोकही त्याच्या संगीतावर लग्नं लावतात.

१८६३ मध्ये २० वर्षांचा एक नॉर्वेजियन मुलगा कोपनहेगनला गाडेला भेटला. गाडेने विचारलं, काय लिहिलंय? दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग घरी जा आणि सिंफनी लिही, म्हणाला. मुलाने लिहिली, गाडेच्याच पहिलीसारखी सी मायनरमध्ये. मग काही वर्षांनी स्वतःच स्कोअरवर लिहून ठेवलं की ही कधीही वाजवू नये. तो एडवर्ड ग्रीग. ती सिंफनी बेर्गनला थेट १९८१ मध्ये वाजली. ग्रीगने पुढे गाडेची लाइपझिगी सफाई सोडून नॉर्वेची बोली धरली, म्हणजे १८४२ मध्ये गाडे जिथे उभा होता तिथून पुढे चालायला लागला.

ध्वनिमुद्रणांचं. आठही सिंफनींचे तीन संच सहज मिळतात: नीमे यार्व्ही आणि स्टॉकहोम सिन्फोनिएट्टा यांचा, मिखाएल शोनवांट आणि कोलेगियुम म्युझिकुम कोपनहेगन यांचा, आणि ख्रिस्टोफर हॉगवुडने डॅनिश रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेला. पहिलीसाठी मी यार्व्ही लावतो. ऑर्केस्ट्रा आकाराने लहान असल्यामुळे मधली वाद्यं बुडत नाहीत आणि स्केर्त्सोला खरंच बूट आहेत. शोनवांटचा संच डॅनिश वाजवणाऱ्यांचा आहे, सुरुवातीचं गाणं त्यांच्या बोटांत लहानपणापासूनचं असावं असं ऐकताना वाटतं. ते गाणं कुठल्याही डॅनिश गायकाच्या आवाजात आधी एकदा ऐकून घ्या, दोन-तीन मिनिटांचं काम आहे, नोटेशन न येण्याची अडचण तिथेच संपते. चाल गुणगुणता आली की सिंफनीत ती कुठे कुठे लपते ते तुम्हाला माझ्याआधी कळेल. हेडफोन लावलात तर खालचे आवाज ऐकू येणारे लावा, फोनच्या स्पीकरवर आमची सी तार पोचतच नाही.

पाचवीसाठी हॉगवुडचं घ्या, पियानोवर रोनाल्ड ब्राउटिगम आहे. यार्व्हीच्या संचात रोलांड पोंतिनेन वाजवतो, तेही चांगलं आहे. पण पियानो किती पुढे ऐकू येतो ते दोन्हींत ताडून बघा. तो फार पुढे आला की कॉन्चेर्तो वाटायला लागतो, आणि मग आमच्या त्या पियानोवाल्या बाईंचा प्रश्न विचारायचाच राहतो.